मागच्या खोलीतला आवाज

१

सगुणाबाई शेजूळ गेल्या आणि त्यानंतर अठराव्या दिवशी त्यांचा आवाजही घरातून गेला. ही तक्रार घेऊन त्यांचे यजमान रामराव दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते.

माझं दुकान जुन्या जालन्यात आहे. एका बाजूला धान्याचे ठोक व्यापारी, दुसऱ्या बाजूला कापडवाले, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मी. पाटीवर अजून ‘पाशामियाँ रेडिओ’ असंच लिहिलेलं आहे. ते माझे अब्बा. रेडिओ गेले, अब्बा गेले, आता मी, नसरीन, तिथं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. मला काही फेकून द्यायची सवय नाही. त्यामुळे घरात सामान भरपूर आहे आणि माणूस एकही नाही.

“चोरी झाली, नसरीनबाई,” रामराव म्हणाले.

“काय गेलं?”

“हिचा आवाज.”

रामराव बियाण्यांच्या प्लांटमध्ये तीस वर्षं प्रयोगशाळेत होते. शंभर दाण्यांतले किती उगवले ते मोजायचं काम. असा माणूस उगीच काही बोलत नाही, म्हणून मी स्टूल पुढे केलं.

त्यांच्या घरातले दोन्ही कॉम्प्युटर मीच दोन वर्षांपूर्वी एका वायरनं जोडले होते. एक समोरच्या खोलीत, सेकंड हँड पण त्यातल्या त्यात नवा. दुसरा मागच्या खोलीत, प्लांटच्या लिलावात घेतलेला, अठरा वर्षांचा म्हातारा. त्याची स्क्रीन कधीच मेली होती, नुसता डबा चालू असायचा. पण रामरावांचा भरवसा त्या डब्यावर. ‘तो कंपनीतला आहे, दगा देणार न्हाई’ असं म्हणून त्यांनी घरातलं सगळं त्यातच ठेवायला लावलं होतं. समोरच्या मशिनवर एक फोल्डर दिसायचं, सगुणाबाईंच्या नावाचं. उघडलं की वायरीतून थेट मागच्या डब्यात.

त्या फोल्डरमध्ये बाईंची बोलणी होती. त्यांचा मुलगा कल्याण नोकरीला बाहेरगावी गेला तेव्हा लिहिता येत नाही म्हणून त्या माइकवर बोलायला लागल्या. रोज संध्याकाळी पाच-सात मिनिटं, दिवसभरात काय झालं ते. कल्याण पाच वर्षांपूर्वी काविळीनं गेला. बाईंनी बोलणं काही थांबवलं नाही. तसंच ‘कल्याण, आज...’ म्हणून सुरू करायच्या.

“काल उघडाया गेलो तर मशिन म्हणतं, असा रस्ताच न्हाई,” रामराव म्हणाले. “मी रोज साडेसहाला ऐकत होतो. ती गेल्यापासून एक दिवस खाडा न्हाई. अन् काल गायब.”

“कोणावर संशय आहे?”

“घरात माणसं दोन. मी केलं न्हाई.”

म्हणजे उरली राजनंदिनी, कल्याणची बायको. नवरा गेल्यावरही ती सासरीच राहिली होती. चौतिशीतली बाई, प्लांटमध्ये पॅकिंगला जाते.

“काल तिला तोंडावर विचारलं मी. काही बोलली न्हाई. बॅग भरली. आज चारच्या गाडीनं आष्टीला माहेरी चाल्ली. एकदा गेली की ती परत येणार न्हाई, मला ठाव आहे. तिनं केलं असंल तर जाऊ दे. पण केलं का न्हाई ते चारच्या आत मला सांगा.”

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, माणसं पकडत नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांच्या शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलेलं होतं आणि ते त्यांना सांगणारं घरात कोणी नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं, एक छोटी स्क्रीन कापडात गुंडाळली आणि रिक्षा थांबवली.

२

शेजुळांचं घर एमआयडीसीच्या रस्त्याला लागून असलेल्या कॉलनीत. समोरच्या खोलीत भिंतीवर सगुणाबाईंचा फ्रेम केलेला फोटो, ताजा हार. खाली टेबलावर मशिन. मशिनसमोर खुर्ची एकच. दुसरी पार स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. दाराजवळ निळी बॅग, चेन लावलेली.

राजनंदिनीनं पाणी आणून दिलं. “या, बाजी,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं एवढंच म्हणाली आणि आत गेली. रामरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन माणसं एका घरात इतकी जपून वावरताना पाहिली की आपल्यालाच श्वास हळू घ्यावासा वाटतो.

टेबलावर तेलाचा काळा डाग होता. स्क्रीनच्या खालच्या कडेला वाळलेलं कुंकू. मी ते पाहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

वायर आधी. खिडकीतून निघून शेजारच्या राधेश्याम यांच्या भिंतीवरून ती मागच्या खोलीत जाते. दोन्ही टोकांना दिवे लुकलुकत होते. मागच्या खोलीत बियाण्यांच्या रिकाम्या पोत्यांवर तो डबा घरघरत बसला होता. मी सोबत आणलेली स्क्रीन त्याला जोडली.

फोल्डर जागेवर होतं. आत दोन हजार तीनशे चौदा बोलणी, तारीखवार. शेवटचं तीन तारखेचं, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांचं. चार तारखेला पहाटे बाई गेल्या.

“काही चोरीला गेलं नाही, रामराव. सगळं आहे.”

ते पोत्यावर खाली बसले. बराच वेळ हातानं तोंड झाकून होते. मी वाट पाहत होते की आता म्हणतील, एक तरी लावा. नवऱ्यानं दोन दिवस आवाज ऐकलेला नाही, आवाज समोर सापडला, तर माणूस आधी काय मागेल? ते काहीच म्हणाले नाहीत. उठले, आणि त्यांचा चेहरा परत घट्ट झाला.

“मंग रस्ता तर कुणी बंद केलाच ना?”

ते मात्र खरं होतं. मी समोरच्या मशिनवर बसले. त्याचं असं आहे: हा मागचा म्हातारा जुनी बोली बोलतो. नव्या मशिनना ती बोली मुळात नको असते, कारण त्या जुन्या दारातून चोर शिरतात. म्हणून एका यादीत खास टिक करून ती बोली चालू ठेवावी लागते. तो टिक दोन वर्षांपूर्वी मीच केला होता. आता तिथं टिक नव्हता.

मशिन प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतं. मी नोंदी उघडल्या. जुनी बोली काढून टाकल्याची वेळ तिथं स्पष्ट होती: एकोणीस तारीख, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

“एकोणीसला अकरा वाजता तुम्ही कुठं होता?” मी विचारलं.

“नगरपालिकेत. हिचा दाखला आणाया गेल्तो. दोन वाजता आलो.”

“आणि राजनंदिनी?”

“तिची सुट्टी होती,” रामराव म्हणाले. “घरी एकटीच होती.”

३

मला ही सून गुन्हेगार नको होती, हे आधीच कबूल करते. पण नको असणं हा काही पुरावा नाही. म्हणून मी आधी बाकीच्यांना तपासलं.

राधेश्याम कापडाचे व्यापारी. भिंतीपलीकडून मान काढून ते आमच्याकडेच बघत होते, म्हणजे बोलावण्याची गरजच पडली नाही.

“वायर का? हां, मी बोललो होतो बिलकुल, की भिंत रंगवायचीय, तुमची वायर हटवा. पण भाभीजी गेल्यावर कोण बोलतं? रंगवाल्याला मी वापस पाठवला. वायरला हात न्हाई लावला, बाजी.”

“एकोणीसला सकाळी इकडं कोणी आलं होतं?”

“कोणी न्हाई. तेरावं झाल्यापासून ह्या घरात कोणीच येत न्हाई. आवाजच न्हाई ना. आधी भाभीजी सुनेला ओरडायच्या, माझ्या दुकानाचा हिसाब चुकायचा. आता ओरडत न्हाई कोणी, तरी मला करमत न्हाई.”

वायर शाबूत होती आणि माणूस खरा वाटत होता. त्यांना मी सोडून दिलं.

दुसरा प्रितम, रामरावांचा पुतण्या. एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. जेवणाच्या सुट्टीत बाइकवर आला तो घामाघूम होऊन, आणि आल्या आल्या म्हणाला, “मी काही बिघडवलं न्हाई.”

न विचारता असं म्हणणाऱ्या माणसानं काहीतरी नक्की केलेलं असतं.

“तुला कोणी विचारलं का?”

“काका फोनवर म्हणले, मशिनमधी कुणीतरी हात घातला. हात तर मीच घातल्ता ना. काकू गेली त्या दिवशी. लोकं भेटाया यायला लागले अन् समोर ठेवाया फोटोच न्हाई. काकूचा एकटीचा फोटो फक्त ह्या मशिनमधी होता. फ्रेमवाल्यानं चार दिवस सांगितले अन् दहा लावले. मंग मी तोच फोटो स्क्रीनवर मोठा करून ठेवला. त्यालाच हार घातला. शेजारच्या साळूबाई आजीनं खाली दिवा लावला, कुंकू लावलं.”

“आणि सेटिंगमध्ये काय केलंस?”

तो रामरावांकडे बघायला लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “दर दहा मिनिटाला स्क्रीन काळी पडू राह्यली होती. बाया रडत होत्या अन् मधीच काकू गायब. बरं दिसत न्हाई ना ते. म्हणून मशिनचं झोपायचं बंद करून टाकलं. एवढंच. दुसरं काही केलं असंल तर हे घ्या, गळ्याची शपथ.”

“एकोणीसला कुठं होतास?”

“ड्युटीवर. भट्टीजवळ. पंचिंग बघा पाहिजे तर.”

तो खोटं बोलत नव्हता. म्हणजे दोघंही सुटले. दुपारचा एक वाजून गेला होता, आणि एकोणीस तारखेला अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या घरात एकच माणूस होतं.

४

राजनंदिनी स्वयंपाकघरात डबे पुसून जागेवर लावत होती. घर सोडून जाणारी बाई डबे पुसते, हे मला फार लागलं. मी खाली पाटावर बसले.

“एकोणीसला तू मशिनला हात लावलास?”

“न्हाई.”

“मग कधी लावलास?”

“एकवीसला. मामा प्रितमभाऊंकडं मुक्कामाला गेल्ते. मी मशिन बंद केलं. बावीसला मामांनी आल्यावर चालू केलं, तर ते फोल्डर उघडंना. म्हणजे मीच केलं असंल, न्हाई का?” ती हे असं म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

“सासूबाई त्यात तुझ्याबद्दल बोलायच्या, ते माहीत होतं तुला?”

“माहीत होतं की. माइक त्या खोलीत, मी ह्या खोलीत, मधी नुसतं दार. राजनंदिनीनं मीठ जास्त टाकलं. राजनंदिनी कालबी उशिरा आली. रोज माझंच. आत्याबाई मला कधी तोंडावर बोलल्या असतील तर भांड्यांवरून. बाकी सगळं कल्याणला सांगायच्या.” ती थांबली. “माझ्या नवऱ्याजवळ माझ्या चुगल्या, बाजी. तो गेल्यावरबी.”

कारण होतं, संधी होती, आणि मशिन बंद करणारा हातही तिचाच. रामरावांना हवा होता तो पुरावा माझ्या हातात पूर्ण झाला होता. तरी मी एक प्रश्न आणखी विचारला, कारण मागच्या खोलीतलं ते पोत्यावरचं बसणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

“मामा रोज साडेसहाला ऐकत होते ना?”

तिचा हात डब्यावर थांबला. बाहेरच्या खोलीकडे बघून ती म्हणाली, “ते त्यांना विचारा.”

“तुला विचारतेय.”

“मला काही माहीत न्हाई,” ती म्हणाली, आणि त्या दुपारभरात तिनं बोललेलं ते एकच वाक्य मला खोटं वाटलं.

मी परत मशिनसमोर बसले. बंद करणं-चालू करणं यांच्या नोंदी वेगळ्या असतात, त्या मी अजून उघडल्याच नव्हत्या. उघडल्या. एकदा वाचल्या, परत वाचल्या. मग मी माझा स्वतःचा दोन वर्षांपूर्वीचा तो टिक आठवला, नीट, एकेक चौकोन करून. माझी कानशिलं गरम झाली.

“रामराव,” मी हाक मारली. “सुनेला बोलवा. आणि ती दुसरी खुर्ची इकडे आणा. गुन्हेगार सापडला.”

५

पावणेतीन वाजले होते. प्रितम दाराशी उभा राहिला, मिलमध्ये उशीर होईल म्हणत, पण हलला नाही. राजनंदिनी खुर्चीवर बसली नाही, चौकटीला टेकली.

“हे मशिन एरवी रोज किती वेळ चालू असायचं?” मी विचारलं.

“तासभर,” रामराव म्हणाले. “ही बोलायची, मंग बंद. मी शिस्तीचा माणूस आहे.”

“नोंदी तेच सांगतात. तीन तारखेपर्यंत रोज चालू, तासाभरात बंद. मग चार तारखेला सकाळी दहा वाजता मशिन चालू झालं. कधी बंद झालं?”

मी नोंदीवर बोट ठेवलं.

“एकवीसला. सतरा दिवस हे मशिन एकदाही बंद झालेलं नाही. दिवे गेले तर इन्व्हर्टर होता. दहा मिनिटांनी ते स्वतःहून झोपलं असतं, पण प्रितमनं त्याची झोप काढून घेतली होती. कारण स्क्रीनवर सगुणाबाई होत्या.”

“त्याचा अन् फोल्डरचा काय संबंध?” रामराव म्हणाले.

“ती जुनी बोली चालू करायचा चौकोन असतो ना, त्याच्या पोटात तीन छोटे चौकोन असतात. दोन कामाचे. तिसरा असा की, ही बोली पंधरा दिवस कोणी वापरली नाही तर मशिननं ती आपणहून काढून टाकावी. चोराची भीती म्हणून. वरचा मोठा चौकोन टिक केला की तिन्ही टिक होतात. तिसरा आठवणीनं काढायचा असतो.” मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “मी काढला नव्हता. हे माझं काम, माझी चूक. दोन वर्षं ती कुणाला कळली नाही, कारण बाई रोज त्या फोल्डरमध्ये जात होत्या आणि मोजणी रोज शून्यावर येत होती.”

अब्बांनी मला एकच शिकवलं होतं, झाकण लावायच्या आधी परत एकदा आत बघ. त्या दिवशी मला लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही.

“आता पुढचं ऐका. मशिन पंधरा दिवस मोजतं ते फक्त चालू असलेले. बंद असतानाचा वेळ धरत नाही. रोज तासभर चालणाऱ्या मशिनला असे पंधरा दिवस मोजायला जवळजवळ वर्ष लागलं असतं. पण हे मशिन चार तारखेला दहा वाजल्यापासून रात्रंदिवस चालू होतं. एकोणीसला दहा वाजता पंधरा दिवस पूर्ण. तासाभरानं त्यानं जुनी बोली काढून टाकली. हे काढणं अमलात येतं मशिन बंद करून परत चालू केल्यावर. एकवीसला राजनंदिनीनं बंद केलं, बावीसला तुम्ही चालू केलं. रस्ता गेला. एकोणीसला अकरा वीसला ती घरी होती की नव्हती, काही फरक पडत नाही. कोणाचाही हात लागलेला नाही.”

प्रितमनं मोठा उसासा टाकला. राजनंदिनी जागची हलली नाही. रामराव मात्र हुशार माणूस. आयुष्यभर उगवलेले दाणे मोजले होते. माझ्या हिशोबातला न उगवलेला दाणा त्यांना लगेच दिसला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मला ते बोलायचं नव्हतं. पण भिंतीवरचं घड्याळ तीनच्या पुढे गेलं होतं आणि निळी बॅग दाराशी होती.

“पंधरा दिवस कोणी वापरलं नाही तरच, रामराव,” मी म्हणाले. “मधे एक दिवसही कोणी ते फोल्डर उघडलं असतं, तर मोजणी परत शून्यावर आली असती. तुम्ही म्हणालात, रोज ऐकत होतो.”

६

रामराव मशिनपासून एक पाऊल मागे सरले.

“एक दिवसबी न्हाई ऐकलं,” ते म्हणाले. “रोज साडेसहाला बसायचो. हात माउसवर ठेवायचो. हिंमत न्हाई झाली. समोर ती बघू राह्यली होती ना. फ्रेम आली, भिंतीवर लागली, तरी स्क्रीनवरची काढवंना. बावीसला मन घट्ट केलं, म्हटलं आज ऐकायचंच. अन् नेमकं तव्हाच गेलं. मंग मला वाटलं, कुणीतरी... कुणीतरी घेतलं असंल तर बरं. माझ्या हातून गेलं असं नको.”

“मला माहीत होतं, मामा,” राजनंदिनी म्हणाली.

आम्ही सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं.

“तुमचा इअरफोन माझ्या खोलीतल्या कपाटात आहे. आत्याबाई गेल्या त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत मीच उचलून ठेवला होता. तुम्ही एकदाबी मागितला न्हाई. रोज संध्याकाळी तुम्ही फोटोसमोर नुसते बसायचे. मी दारातून बघायचे.”

“मंग काल बोलली का न्हाई? मी तुला चोर म्हणलो, तव्हा?”

“काय बोलू? मामा खोटं बोलून राह्यले, असं? प्रितमभाऊंसमोर, शेजाऱ्यांसमोर? तुमच्याजवळ तेवढंच तर राह्यलं होतं, रोज ऐकतो म्हणून सांगायला.” तिनं स्क्रीनकडे बोट केलं. “अन् मशिन मीबी तुमच्यासाठीच चालू ठेवलं होतं. मला तर त्यांच्याकडं बघवत न्हव्हतं. एकवीसला तुम्ही न्हव्हते, घरात मी अन् त्या स्क्रीनवरल्या आत्याबाई. एकटीला बसवंना. म्हणून बंद केलं.”

“मला वाटलं तुलाच ठेवायचंय,” रामराव म्हणाले. “तू रोज उदबत्ती लावायची.”

“तुम्ही बसता म्हणून लावायचे.”

सतरा दिवस दोघं एकमेकांच्या मनासाठी ते मशिन जागं ठेवत होते, आणि दोघांनाही ते नको होतं. मला ओरडावंसं वाटलं त्यांच्यावर. अरे, एका घरात राहता, विचारायचं ना! पण मी कोण ओरडणार? माझ्या घरात तर विचारायलाही कोणी नाही.

प्रितम हळूच निघून गेला. मी यादी उघडली, दोन टिक केले, तिसरा काढला, परत एकदा बघितला. मशिन बंद करून चालू केलं. फोल्डर उघडलं. दोन हजार तीनशे चौदा बोलणी समोर हजर झाली.

रामराव उठले. दाराशी जाऊन त्यांनी निळी बॅग उचलली. मला वाटलं आत आणतील. पण ते बॅग हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“साडेतीन झाले. जायचं असंल तर स्टँडवर मी सोडतो. तुझा हक्क आहे. मी जे बोललो त्याच्यानंतर तुला थांब म्हणायला मला तोंड न्हाई.” मग भिंतीकडे बघत म्हणाले, “पण मला हे एकट्यानं ऐकवणार न्हाई, राजनंदिनी. तू गेल्यावर तर बिलकुलच न्हाई.”

ती बॅगकडे बघत राहिली. मग आत गेली आणि इअरफोन घेऊन आली. दोघांच्या मधे तो टेबलावर ठेवला, क्षणभर बघितला, आणि बाजूला सारला.

“हे एकट्यानं ऐकायचं असतंय,” ती म्हणाली. “बाजी, स्पीकर लावा.”

मी लावला. कोणतं, विचारलं. शेवटचं, रामराव म्हणाले.

ते सात मिनिटांचं होतं. मी उठून जायला हवं होतं, पण वायर गुंडाळत रेंगाळले. सगुणाबाईंचा आवाज जाडसर, थोडा चिडका, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. कल्याण, आज गवार निबर निघाली. कल्याण, आज तुझ्या बापाला खोकला आहे, औषध घ्या म्हणलं तर घेत न्हाई. आणि मग:

“राजनंदिनी कालबी उशिरा आली. आठ वाजून गेल्यावर. मी भाकरी झाकून बसले होते. आली, अन् तुमचं झालंच असंल म्हणून एकटी ताट घेऊन आत गेली. मंग मी मागून जेवले. मी तिच्यासाठी थांबते हे तिला ठावंच न्हाई. अन् मी काही सांगत न्हाई. तूच सांग बाबा तिला कव्हातरी.”

राजनंदिनी दुसऱ्या खुर्चीवर बसली होती. ती खुर्ची तिनं कधी ओढून घेतली ते माझ्या लक्षात आलं नाही. रामरावांच्या हातातली बॅग आता जमिनीवर होती.

“मला वाटायचं, त्या जेवून घेतात,” ती म्हणाली. परत म्हणाली. मग रामरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती दोघं माझ्यासमोर मोठ्यानं रडली.

माझी स्क्रीन कापडात गुंडाळून मी बाहेर पडले. कोणी मला थांब म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं. चारची गाडी तिच्याशिवाय गेली असणार.

रिक्षा करून मी जुन्या जालन्यात आले, शटर वर केलं, दिवा लावला. संध्याकाळी घरी जाऊन एक भाकरी थापली, तव्यावरून थेट ताटात घेतली आणि गरम गरम खाल्ली. वर्षानुवर्षं मी अशीच गरम भाकरी खाते. माझ्या घरात कधीच कुणासाठी भाकरी झाकून ठेवलेली नसते. त्या संध्याकाळी मला त्या तिघांचा हेवा वाटला.